शंभरातले किती?

बालाघाट, ५ जानेवारी २०२५

अबोली बाई,

अनेक आशीर्वाद. परवा तू फोनवर बोलत होती आणि मी नुसतं हौ-हौ करत होतो. खरं सांगू? अर्धं ऐकूच आलं नाही. सारी नोकरी ग्राइंडरच्या आवाजात गेली, आता कानाले फोन झेपत नाही. तू म्हटलं तसं लिहूनच पाठवतो. मले तर लिहायची भल्ली हौस. तुही काकू म्हणते, बोलायले लागले की थांबत नाहीत, आता कागदाचा जीव घेतील.

तर बेटा, दीप्ती वकीलबाईनं केस टाकली! श्रम न्यायालयात! कंपनीचं उत्तरही आलं. म्हणतात, मधुकरचा रक्ताचा कॅन्सर हा नशिबाचा भाग आहे, कामाचा त्याच्याशी संबंध नाही. वा रे वा! बारा गावचं पाणी पाजलं, देशभर हिंडवलं, आणि शेवटी नशिबावर ढकलून मोकळे.

मले माह्यासाठी काही नको. रोजची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात, ही गोळी घेऊन लोक नातवंडांची लग्नं पाहतात. पण आमच्या गँगमध्ये आठ जण होतो. मी सोडून सात राह्यले. त्यातला महागू तर अजून त्याच कंपनीत आहे. त्या सातांपैकी एकाचंही रक्त कोणी तपासलं नाही. 'आजार कामामुळे झाला' असा माह्या बाजूनं निकाल लागला, तर सातही जणांची तपासणी कंपनीले करावी लागंल, अशी मागणीच दीप्तीनं टाकली आहे. महागूले मी किती सांगितलं, लेका, स्वतःच जाऊन तपासून घे. ऐकत नाही. कंपनीले समजलं तर कामावरून काढतील म्हणते. कंपनीनंच बोलावलं तर मात्र त्याले जावंच लागंल न! एवढ्यासाठी मले ही केस जिंकायची आहे.

आता तू विचारलं काम काय होतं. पाइपाचा, बॉयलरचा जोड वेल्डिंग झाला की आम्ही त्याचा फोटो काढायचो. आमचा कॅमेरा म्हणजे लग्नातला नाही वं! जाडजूड, दोन हातांनी उचलावा असा लोखंडी डबा. आत किरणांचा सोर्स. लांबून हँडल फिरवलं की सोर्स नळीतून बाहेर जाते, जोडाच्या मागं लावलेल्या फिल्मवर चीर असली तर दिसते. काम झालं की हँडल उलटं फिरवून सोर्स परत डब्यात. छातीवर आमच्या बिल्ला असे. अंगावर किती किरण पडले ते तो बिल्ला मोजते. तीन महिन्यांनी तपासायले जाते, नवीन येते.

आता तू हिशेब लाव आणि कंपनीचं तोंड बंद कर!

तुहा मधुकाका

*

नागपूर, १४ जानेवारी २०२५

प्रिय मधुकाका,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र आमच्या विभागात सगळ्यांना वाचून दाखवलं. 'लग्नातला नाही वं' वर आमचे सर इतके हसले की चहा सांडला. काका, मी पण फार उत्साहात आहे! दवाखान्यात रोज मशीन तपासायची, रुग्णाला किती किरण द्यायचे ते ठरवायचं, हे माझं काम. पण झालेल्या आजारावरून मागं जात कारण शोधायचं, हे मी पहिल्यांदाच करतेय. हिशेब मी मांडणार, सर तपासून सही करणार. मी तुमची पुतणी आहे हे त्यांनी वर स्पष्ट लिहायला लावलं आहे.

आता नीट समजून घ्या, नाहीतर काकूला चुकीचं सांगाल. तुमच्या रक्तात बघून 'हा कॅन्सर किरणांचा' असं कुणालाच सांगता येत नाही. किरणांनी झालेला आणि आपोआप झालेला, दोन्ही दिसायला सारखेच. म्हणून आम्ही असं विचारतो: तुमच्यासारखे शंभर लोक घ्या. तेच वय, तेवढेच किरण, तोच आजार. त्या शंभरातले किती जण हे काम केलंच नसतं तर आजारी पडले नसते? तो आपला आकडा. दीप्तीताई म्हणते, कोर्टातल्या न्यायाधीश साहेबांनी अर्ध्याची रेघ धरली आहे. पन्नासच्या वर गेला तर कामामुळे, खाली राहिला तर नाही.

शंभरातले तुम्ही नेमके कोणते, ते मात्र मी कधीच सांगू शकणार नाही. हे आधीच सांगते, मग भांडू नका.

तुमच्या बिल्ल्याचे सगळ्या वर्षांचे आकडे दीप्तीताईनं कंपनीकडून मागवले आहेत. ते आले की बसतेच.

तुमची अबोली

*

नागपूर, ९ फेब्रुवारी २०२५

मधुकाका!!

आधी बसा. काकूलाही बोलवा. बसलात? आता वाचा.

बिल्ल्याचे आकडे आले. बाकी सगळी वर्षं फिकी, कुठं थोडं, कुठं जवळजवळ शून्य. मी तर हिरमुसलेच होते. आणि पान उलटलं तर २००३ च्या शेवटच्या तीन महिन्यांत एवढा मोठा आकडा, की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला! एवढे किरण एका माणसाच्या अंगावर तीन महिन्यांत? तोपर्यंतच्या सगळ्या वर्षांची बेरीज त्याच्यापुढं चिल्लर आहे.

हिशेबात घातला. शंभरातले त्रेसष्ट! काका, त्रेसष्ट!

कँटीनमध्ये मी एकटीच नाचले. सर म्हणाले, नाच झाला असेल तर त्यांना विचार की त्या तीन महिन्यांत काय घडलं होतं. सोर्स अडकला होता का? कुणी हातानं काढला का? जे घडलं ते सविस्तर लिहा, अहवालाला जोडायचं आहे. लवकर लिहा, मला धीर नाही.

अबोली

*

बालाघाट, १५ फेब्रुवारी २०२५

अवो माही हुशार पोरगी!

त्रेसष्ट! तुही काकू देवापुढं साखर ठेवून आली आणि मी मोटारसायकल काढून थेट महागूच्या गावी, परसवाड्याच्या पुढं. तो सुट्टीवर येऊन धान झोडून राह्यला होता. मी बांधावरूनच ओरडलो, "महागू, त्रेसष्ट!" त्याले वाटलं मले लॉटरी लागली.

आता २००३ च्या दिवाळीच्या मागचे-पुढचे दिवस. तेव्हा आम्ही एका मोठ्या बॉयलरच्या कामावर होतो. सोर्स अडकला का विचारते? नाही वं, ते काम तर मख्खन चाललं. उलट त्या वर्षासारखा दसरा आम्ही कधी केला नाही! ते तुले सांगतोच.

आपल्याकडे दसऱ्याले हत्याराची पूजा. सुतार करवत पूजते, डायवर गाडी पूजते. आमचं हत्यार कोणतं? कॅमेरा! कॅमेरा ठेवायची बंद खोली होती, ती झाडली, सारवली, रांगोळी टाकली. कॅमेरा धुऊनपुसून पाटावर. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. महागू म्हणे, आपणही याच्यावरच जगतो, आपले बिल्लेही देवापाशी ठेवू. आठही बिल्ले हारात ओवले आणि कॅमेऱ्यावर घातले. गँगचा मुख्य म्हणून माहा बिल्ला सगळ्यात वर. मग आपट्याची पानं वाटली, खोलीले कुलूप लावलं आणि सारे आपापल्या गावी. साइट बंद होती, कोजागिरीचं दूध पिऊनच परत आलो. आलो तर फुलं सुकली होती, पण काय शोभा दिसत होती!

आता जे पाह्यजे ते विचार. त्या तीन महिन्यांतलं मले एक-एक आठवते.

तुहा काका

*

नागपूर, २१ फेब्रुवारी २०२५

मधुकाका,

पत्र मिळालं. थोडं अजून विचारते, रागावू नका. बिल्ले कॅमेऱ्याला टेकलेले होते की नुसते हारात लोंबत होते? कॅमेऱ्यात तेव्हा सोर्स होता ना? जुना होता की नुकताच आलेला? बिल्ले मध्ये कुणी हलवले नाहीत, हे नक्की?

जेवढं आठवतं तेवढंच लिहा, जुळवून काही लिहू नका.

अबोली

*

बालाघाट, २७ फेब्रुवारी २०२५

अबोली बाई,

तुले पूजेची एवढी हौस कधीपासून लागली? लहानपणी तर आरती सुरू झाली की प्रसादाच्या वाटीपाशी जाऊन उभी राहायची! आता डॉक्टर लोकांत राहून देवधर्म आठवला, चांगलं झालं. काकू खूश आहे.

बिल्ले चांगले टेकवून ठेवले होते. हाराचा दोरा कॅमेऱ्याच्या मुठीले गुंडाळला होता, घसरू नये म्हणून. सोर्स आतच, त्याच महिन्यात आलेला, एकदम ताजा. हलवंल कोण? खोलीची किल्ली माह्या खिशात होती. डबा बंद म्हणजे काम बंद, मग भीती कशाची?

आता लवकर अहवाल पाठव. दीप्ती रोज विचारून राह्यली. तिले मी सांगून ठेवलं, आमची अबोली आली की कंपनी गेली!

काका

*

नागपूर, ८ मार्च २०२५

प्रिय मधुकाका,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं आहे तसं लिहिते.

डबा बंद असला तरी त्याच्या अंगातून थोडे किरण बाहेर येतात. माणूस लांब असतो, थोडा वेळ असतो, म्हणून चालतं. पण बिल्ला दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत डब्याला चिकटून होता. ताज्या, म्हणजे पूर्ण ताकदीच्या सोर्सच्या डब्याला टेकून इतके दिवस बिल्ला ठेवला तर किती भरेल, ते मी काढलं. बिल्ल्यावरच्या आकड्याशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. सरांनी वेगळ्या पद्धतीनं काढलं, तरी जुळलं.

म्हणजे ते किरण बिल्ल्याला लागले काका, तुम्हाला नाही. तुम्ही तेव्हा घरी कोजागिरीचं दूध पीत होता.

तो आकडा काढून टाकला की शंभरातले अकरा उरतात.

मला किती वाईट वाटतंय ते कसं लिहू? तुमच्यापेक्षा मीच जास्त नाचले होते. पण मला हे अहवालात लिहावं लागेल. माहीत असून लपवलं तर मी उद्या कुठल्या तोंडानं दुसऱ्या कुणाचा हिशेब करू?

तुमची अबोली

*

बालाघाट, १२ मार्च २०२५

अबोली,

पूजेची गोष्ट त्या कागदावर आहे कुठं? मी सांगितली म्हणून तुले समजली. मी नसतीच सांगितली तर? कंपनीले माहीत नाही, वकिलाले माहीत नाही, साहेबाले माहीत नाही. तेवढी एक ओळ तू लिहू नको. सात माणसांचा प्रश्न आहे. कंपनी खोटं बोलून राह्यली ते चालते, आणि आम्ही एक गोष्ट गिळली तर पाप?

जास्त लिहीत नाही. 

मधुकर

*

बालाघाट, ३० मार्च २०२५

चि. अबोलीस प्रेमलता काकूचा आशीर्वाद.

तुहं शेवटचं पत्र आल्यापासून घरात यांचं तोंड पाहण्यासारखं नाही. टीव्ही लावतात अन् भिंतीकडे पाहतात. गोळी मात्र घेतात, मी समोर उभी राहते म्हणून. मी म्हटलं, पोरीवर काहून डोळे काढता? तिनं काय चोरी केली? तर उठून गेले नदीवर.

मले तुमचं किरणांचं काही कळत नाही. पण एक सांगते. सुरुवातीले हे सुट्टीवर घरी आले की शर्टाच्या खिशाले बिल्ल्याच्या चिमट्याचा गंजका डाग असे. सारे शर्ट तसेच. मी लिंबू लावून घासत होती, शिव्या देत होती. ते दसऱ्याचं वर्ष झालं, वरून काही चौकशी आली म्हणत होते. त्याच्यानंतर शर्ट आले ते खिशाले साफ! एका शर्टाले डाग नाही, पुढं कधीच नाही. मी तेव्हा खूश झाली, मेहनत वाचली म्हणून. आता तुही पत्रं वाचून माह्या मनात आलं, बिल्ला छातीवर असता तर डाग पडलाच असता न?

यांना विचारलं तर एकदम भडकले. म्हणे, "तू याच्यात पडू नको, महागूच्या पोटावर पाय येईल." मग मी काय समजायचं ते समजली. तू विचार. तुले सांगतील.

प्रेमलता

*

नागपूर, ५ एप्रिल २०२५

मधुकाका,

तुम्ही माझ्यावर रागावलेले असाल तर राहा रागावलेले, पण याचं उत्तर द्या. २००३ नंतर तुमचे बिल्ले कुठं होते?

काकूचं पत्र वाचून मी बसमध्येच उभी राहिले! काका, त्यानंतरच्या सगळ्या वर्षांचे आकडे शून्याजवळ आहेत. मी त्यांचा अर्थ 'किरण लागले नाहीत' असा धरला. पण बिल्ला तुमच्या अंगावर नव्हताच, तर ते शून्य तुमचं नाही. मग माझा अकरा पण खोटा! तुम्ही किती काम केलं त्यावरून मला सगळं नव्यानं काढावं लागेल. आणि तो आकडा कुठंही जाऊ शकतो, वरसुद्धा.

फक्त मला ते कुणीतरी खरं आहे म्हणून सांगायला हवं. डागावर कोर्ट विश्वास ठेवणार नाही.

अबोली

*

बालाघाट, १६ एप्रिल २०२५

बेटा अबोली,

राग गेला. तुह्यावर किती दिवस रागावणार?

हौ, काकूनं बरोबर पकडलं. तो मोठा आकडा आला तेव्हा कंपनीनं साइटवर नेमलेल्या ठेकेदाराची फाटली. वरून, सरकारी खात्यातून विचारणा झाली. त्यानं काय उत्तर दिलं देव जाणे, पण आमाले हुकूम आला: यापुढं बिल्ले अंगावर लावायचे नाहीत, ऑफिसच्या कपाटात राहतील, आकडा पुन्हा वर दिसायले नको. आमाले तरी काय, चिमटा टोचत नाही म्हणून बरंच वाटलं. त्या कपाटाची किल्ली दिली महागूकडे. सांगणारा ठेकेदार, पण कुलूप लावणारा महागू. आता हे बाहेर आलं तर कंपनी म्हणंल, आमाले माहीत नाही, महागूनं केलं. त्याची नोकरी जाईल, वरून गुन्हाही टाकतील. म्हणून मी गप्प होतो.

परवा त्याच्याकडे गेलो. चहा झाला, मग विषय काढला. त्यानं हात जोडले. "मधुभाऊ, तुह्या पाया पडतो, मले यात ओढू नको. कंपनीनं मले साक्षीदार केलं आहे. बिल्ले रोज लावत होतो एवढंच म्हणायचं आहे." मी त्याले वचन दिलं की तुहं नाव माह्या तोंडून निघणार नाही.

गंमत पाह्य, ज्याच्यासाठी लढून राह्यलो तोच समोरच्या बाकावर बसणार.

पण पूजेची गोष्ट तू खुशाल लिही. नव्हे, मीच सांगतो कोर्टात. तू लिहिलं काय, मी सांगितलं काय, खरं ते खरं.

तुहा काका

*

बालाघाट, ११ जुलै २०२५

अबोले!!

काय सांगू, कुठून सांगू!  काकू म्हणते आधी जेवा, मी म्हटलं आधी पत्र!

आज तारीख होती. मी उभा राह्यलो आणि पूजेची सारी गोष्ट सांगून टाकली, हार, नारळ, कोजागिरी, सारं. दीप्तीनं कपाळाले हात लावला. तिले माहीत होतं, तरी ऐकताना कसंतरी झालं बिचारीले. आणि कंपनीचा वकील! त्याले तर पेढा भरवल्यासारखं झालं. म्हणतो, "साहेब, हे किरण देवाला चढले, माणसाला नाही!" सारी खोली हसली. मीही हसलो, काय करता! मग म्हणे, "तो आकडा गेला. बाकी साऱ्या वर्षांचे बिल्ले पाहा, शून्य! केस इथंच संपली."

आणि ते पक्कं करायले त्यानं महागूले उभं केलं. विचारलं, "तुम्ही लोक बिल्ले रोज अंगावर लावत होते, बरोबर?"

महागू नव्या शर्टात घामानं भिजून गेला होता. त्यानं माह्याकडे पाह्यलं. मी मान खाली घातली, वचन दिलं होतं न. वकिलानं पुन्हा विचारलं. तर महागू एकदम मोठ्यानं बोलला, जसा साइटवर ओरडायचा तसा:

"साहेब, मधुभाऊनं आपल्याच केसची वाट लावून खरं सांगितलं. मग मी कोणासाठी खोटं बोलू? बिल्ले कपाटात राहत होते. किल्ली माह्याकडे होती. ठेकेदारानं ठेवायले लावली होती. त्या दसऱ्यानंतर अंगावर एक दिवसही नव्हते."

त्याचा एक-एक शब्द माह्यासारख्या बहिऱ्यालेही ऐकू आला! कंपनीचा वकील म्हणे, साक्षीदाराची तब्येत ठीक नाही. साहेब म्हणाले, "मला तर ठीक दिसून राहिली." दीप्ती तर उठून उभीच राह्यली, तिनं लगेच मागणी केली की कंपनीनं ग्राहकांना किती फिल्म काढून दिल्या त्याचे सारे कागद द्यावे, त्यावरून काम किती झालं ते निघंल. साहेबांनी हो म्हटलं!

बाहेर आलो तर महागू ऑटोत बसून राह्यला होता. मी त्याले ओढून खाली उतरवला आणि रस्त्यातच मिठी मारली. म्हणतो, "सोड बे, लोक पाहून राह्यले."

आता तुहं काम. लाव हिशेब!

काका

*

नागपूर, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय काका,

महागूकाकांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं वाक्य मी विभागात वाचून दाखवलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

कागद आले. किती जोडांचे फोटो, सोर्स किती ताकदीचा, तुम्ही किती लांब उभे असाल, सगळं धरून मी वर्षामागून वर्ष पुन्हा बांधलं. आकडा खूप वर आला, अकरावर राहिला नाही. पण, काका, पन्नासच्या पार गेला नाही. शंभरातले चव्वेचाळीस.

मी सहा जागी पुन्हा तपासलं. कुठं दोन-चारचा फरक पडावा म्हणून नवस बोलायचंच बाकी ठेवलं. आकडा हातानं वर ढकलला नाही, तेवढं मात्र नक्की.

एक गोष्ट मी अहवालात ठळक लिहिली आहे. चव्वेचाळीस हा मधला आकडा. खरा आकडा पंधराही असू शकतो आणि त्र्याहत्तरही. इतका पसारा का? कारण बिल्ले नाहीत. कधी तुम्ही पाइपाच्या आड उभे असाल, कधी घाईत जवळ गेला असाल, ते सांगणारं काहीच उरलं नाही. बिल्ले अंगावर असते तर मी छातीठोक सांगितलं असतं, इकडे किंवा तिकडे.

सही करून पाठवला. आता माझ्या हातात काही नाही, आणि मला झोपही नाही.

अबोली

*

बालाघाट, १९ सप्टेंबर २०२५

अबोली बेटा,

जिंकलो! जिंकलो वं! रडू नको, वाच.

कंपनीचा वकील तुहा चव्वेचाळीस नाचवत आला. साहेबांनी त्याले बसवलं. म्हणाले, "अहवाल मी दोनदा वाचला. अंदाज पंधरापासून त्र्याहत्तरपर्यंत का पसरला? बिल्ले नव्हते म्हणून. बिल्ले का नव्हते? तुम्ही कपाटात कोंडले म्हणून. ज्यानं दिवा विझवला, त्यालाच अंधाराचा फायदा मी कसा देऊ?" मी हे हिंदीतून मराठीत लिहून राह्यलो, पण त्यांच्या तोंडून ऐकायले पाह्यजे होतं! शंका जेवढी आहे तेवढी कामगाराच्या बाजूनं धरली. आजार कामामुळे झाला असा निकाल. आणि गँगमधल्या सातही जणांची तपासणी कंपनीनं महिनाभरात करायची. महागूच्या नोकरीले हात लावायचा नाही, हेही लिहिलं!

तू त्यात दोन-चार वाढवून पन्नासच्या वर नेला असता, तर त्या वकिलानं तुह्या हिशेबाच्या चिंध्या केल्या असत्या. दीप्ती म्हणते, अहवाल खरा होता म्हणून टिकला. मी मार्चमध्ये तुले काय लिहिलं होतं ते विसर.

काकूनं गल्लीभर पेढे वाटले. तुह्या नावचे दोन मी खाल्ले.

तुहा काका

*

बालाघाट, २ नोव्हेंबर २०२५

अबोली बाई,

सापडलं! महागूच्या रक्तात सापडलं, आणि वेळेवर सापडलं!

गोंदियाले साऱ्यांची तपासणी झाली. कंपनीनं गाडी केली होती, मी फुकटचा आठवा त्यात बसलो. सहा जण एकदम साफ. महागूच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. दुसरी तपासणी केली, तोच आजार. डॉक्टरनं विचारलं, काही त्रास? काही नाही. ताप? नाही. वजन? जसंच्या तसं. डॉक्टर म्हणाले, अजून वर्ष-दोन वर्षं याले काही समजलंच नसतं, आणि समजलं असतं तेव्हा गोळीनं भागलं नसतं.

महागू मात्र बाहेर येऊन माह्याच अंगावर ओरडला. "तुह्या केसच्या पायी झालं हे! चांगला होतो मी! मले माहीतच नसतं तर काय बिघडलं असतं?" दवाखान्यातले लोक पाहून राह्यले. मीही ओरडलो, "मेला असता लेका, ते बिघडलं असतं!" मग तो खाली पायरीवर बसला. मी शेजारी बसलो. बाकीचे सहा जण चहाच्या टपरीवर उगीच उभे राह्यले, कोणाले जवळ यायची हिंमत झाली नाही.

महागूनं विचारलं, "मधुभाऊ, त्या गोळीनं माणूस जगते का खरंच?"

मी म्हटलं, "पाच वर्षं झाली मी घेऊन राह्यलो. माह्याकडे पाह्य न."

त्यानं पाह्यलं. डोक्यापासून पायापर्यंत, नीट, कधी पाह्यलं नव्हतं असं. आणि म्हणतो काय, "पोट सुटलं तुहं."

हसू आलं बेटा, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते दोघांचंही थांबेना. तू त्या सातांसाठी हिशेब केला होता, त्यातला हा एक घरी आला. उद्या त्याची पहिली गोळी आहे. जेवून घ्यावी लागते, म्हणून काकूनं त्याले आमच्याकडेच जेवायले बोलावलं आहे.

तुहा मधुकाका